राखीव खुर्ची आणि मागचं गेट

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि विजयश्री निवडून आली. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू. मीही ते सांगितलेलं नाही.

माझा जन्म चिखलीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. अंगावर निळं रेक्झिन, पायाला पाच चाकं. रहाटणीतल्या एका सोसायटीच्या ऑफिसात मला आणलं, तेव्हा अध्यक्ष अर्जुनरावांनी माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहून घेतलं, 'महिला राखीव'. समितीत बाईसाठी जागा ठेवावी लागते, असा नियम आहे. मला फार अभिमान वाटला. मग माझ्यावर उद्धवराव बसले.

उद्धवराव म्हणजे जयमालाबाईंचे यजमान. समितीत नाव बाईंचं, बैठकीला हे. नऊ वर्षं आले. माणूस वजनदार, माझं एक चाक त्यांनीच मोडलं. "बायकांना मीटिंगला वेळ कुठे असतो," असं म्हणत ते माझ्या हातावर चहाचा कप ठेवत. तो डाग अजून आहे.

यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या विजयश्रीने माझ्यासाठी अर्ज भरला. ती चाकणच्या एका कंपनीत आहे. तिला एकच गोष्ट हवी होती, मागचं गेट. कंपनीची बस त्या गेटसमोर थांबते. पण गेटला कुलूप. म्हणून पहिल्या शिफ्टच्या बायका अंधारात नाल्याच्या कडेने मोठा वळसा घालून बस गाठायच्या.

विजयश्रीच्या जन्मदाखल्यावर 'मुलगा' लिहिलं होतं. आपण बाई आहोत हे तिने स्वतः सांगितलं, मग सरकारी ओळखपत्र काढलं. अशा स्वतः सांगण्याला कायद्याने किती मानावं, यावर टीव्हीवर भांडण चालूच होतं. आता ते चहाबिस्किटांसह आमच्या ऑफिसात आलं.

उद्धवराव माझ्यावर रेलून म्हणाले, "हिचा अर्ज बाद करा. बायकांची जागा बायकांनाच राहिली पाहिजे. त्यासाठी मी इथून हलणार नाही."

निवडणुकीचं काम कुसुमताईंकडे होतं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. शंका त्यांनाही होती, आणि ती मनापासूनची होती. "विजयश्री, तुझ्याबद्दल नाही म्हणत गं. पण आम्हाला मुळात मिळालीय एवढीशी जागा. उद्या कोणीही उठून म्हणाला, मी बाई, तर मी काय करायचं?"

"विचारायचं, ताई," विजयश्री म्हणाली. "फक्त सगळ्यांना विचारा."

कुसुमताईंनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे उद्धवरावांकडे. "उद्धवराव, हिच्याकडे कागद तरी आहे. तुम्ही कशाच्या आधारावर बसलाय?"

"मी जयमालाचा नवरा आहे."

"त्याचं वळखपत्र कुठं काढत्यात, ठावं न्हाई राव," अर्जुनराव म्हणाले.

जयमालाबाईंना फोन गेला. त्या कणकेच्या हातांनीच खाली आल्या.

"मी समितीत आहे? कधीपासून?"

"नऊ वर्षं," म्हणत कुसुमताई त्यांचे जुने ठराव वाचू लागल्या. कबुतरांचा ठराव. गच्चीचा ठराव. मग आला, "मागचं गेट कायमचं बंद करावं. सूचक, सौ. जयमाला."

जयमालाबाईही त्याच बसने कामाला जातात. गेट बंद करणाऱ्याचा त्या विजयश्रीसोबत रोज वळसा संपेपर्यंत उद्धार करत.

"गेट बंद असलं की तिथे गाडी लावता येते, सावली मिळते," उद्धवराव हळूच म्हणाले.

"उठा."

ते उठले. बाई बसल्या. माझ्या हातांना कणीक लागली. नवऱ्याने यंदाही आपल्या नावाने भरलेला अर्ज त्यांनी पहिल्यांदाच वाचला आणि मागे घेतला. "नऊ वर्षं भरपूर काम केलं मी. आता हिला करू दे."

कुसुमताईंनी विजयश्रीचा अर्ज मान्य केला आणि खाली लिहिलं, 'शंका शिल्लक आहे. पुढच्या सभेत बोलू.'

"बोलू की, ताई," विजयश्री म्हणाली. "दोघी बसून बोलू."

अशी ती बिनविरोध आली. हे मी आधी सांगितलं नव्हतं.

गेट आता पहाटे पाचला उघडतं. उद्धवरावांची गाडी उन्हात असते. मी सुखात आहे. मित्रांनो, राखीव खुर्ची नुसती पुसून जपली जात नाही. तिच्यावर कोण बसलंय, हेही अधूनमधून बघावं लागतं. बाकी माझं म्हणणं लेखी देत आहे.

प्रति, मा. अध्यक्ष. महोदय, विनंती की, गेल्या नऊ वर्षांत माझ्यावर बसलेले श्री. उद्धवराव हे पूर्वलक्षी प्रभावाने उभे होते असे समजण्यात यावे, आणि मोडलेले चाक त्याच तारखेपासून शाबूत धरण्यात यावे. कळावे.