उजव्या हाताचं पाणी

स्वरांगीच्या शाळेने गृहपाठ दिला होता: वेड्यावाकड्या आकाराच्या पाच वस्तूंचं आकारमान मोजा. बादली काठोकाठ भरायची, वस्तू बुडवायची, सांडलेलं पाणी मापात ओतायचं. जेवढं पाणी, तेवढी वस्तू. एवढंसं काम, पण रविवारी दुपारी आमच्या आयर्लंडमधल्या, लेटरकेनीच्या स्वयंपाकघरात त्याचं लग्नकार्य झालं होतं. बाळपणीच्या टबात बादली मांडून बाईसाहेबांनी बटाटा मोजला, आल्याचा गड्डा मोजला, बागेतला दगड मोजला. माझा बूट मी कसाबसा वाचवला. मग तिची नजर आजीवर गेली.

माझी आई नाशिकहून येऊन तीन आठवडे झाले होते. आल्यापासून जाड स्वेटर अंगातून उतरला नव्हता. बांगड्याही फक्त डाव्या हातात. विचारलं तर म्हणाली, "इथल्या थंडीत गार लागतात गं." मी मान डोलावली.

स्वरांगीने आजीच्या डाव्या हातावर कोपराखाली पेनाने रेघ मारली आणि हात तिथवर बुडवला. अकराशे ऐंशी मिलिलिटर.

"नाऊ द अदर वन, आजी."

"पुरे बाई, पाणी गार आहे."

पण पोरगी ऐकतेय कुठली! हसत हसत तिने उजवी बाही ओढली, रेघ मारली, हात पाण्यात. पाणी सांडतच राहिलं. पंधराशे वीस.

"नीट मोज!" मी ओट्यापाशी होते तिथूनच खेकसले. "दोन हातांत एवढा फरक असतो का कधी? अर्धं लक्ष कुठे असतं तुझं?"

"आय डिड इट राइट, मम्मी!" तिचे डोळे भरून आले.

मला चूक खपत नाही. पदर खोचावा तशा मी बाह्या सरसावल्या, बादली पुन्हा भरली, आईचा हात स्वतः धरून बुडवला. पाणी मापात ओतलं.

पंधराशे वीस.

मी तिच्या हातावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. असे हात मी हॉस्पिटलात दर आठवड्याला बघते, आणि ते कशाने होतात हे मला झोपेतही सांगता येईल. काखेतल्या गाठी काढल्या की होतात.

"आई, तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं ना?"

ती टॉवेलने बोटं पुसत राहिली.

"आई!"

"हर्निया नव्हता," ती म्हणाली. "छातीत गाठ होती. काढली. किमो पण झाली. आता बरी आहे मी."

दोन वर्षांपूर्वीचा फोन मला जसाच्या तसा आठवला. राउंडला जाता जाता, लिफ्टची वाट बघत मी म्हणाले होते, हर्निया अगदी किरकोळ असतो, घाबरू नकोस. किरकोळ म्हणाले होते मी!

"केदारला माहीत होतं?"

"त्यानेच सगळं केलं. तुला सांगायचं नाही अशी मीच शपथ घातली होती भावाला तुझ्या."

"आणि हा हात? कधीपासून सुजलाय?"

"थोडा होताच. इथे आल्यावर वाढला." ती अपराध्यासारखी म्हणाली, "घट्ट बाही दिलीय डॉक्टरांनी, रोज घालायची. बॅगेत आहे."

"मग घातली का नाहीस?"

"तू बघितल्याबरोबर ओळखलं असतंस."

म्हणजे तीन आठवडे माझ्याच घरात, एका डॉक्टरपासून लपवण्यासाठी, तिने हात फुगू दिला होता. मला रागाने रडू आलं.

स्वरांगी वही घेऊन उभी होती. तिला सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी आपल्याच आकड्यामुळे झालंय एवढं कळलं होतं. "विल आय रब इट आउट?"

"खोड, सोन्या," आई म्हणाली.

"खबरदार!" मी ओरडले आणि आईकडे वळले. "मी डॉक्टर आहे आई. मला कसं नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तू फोनवर म्हणाली होतीस, रिपोर्ट पाठव. दोन दिवस मी घाबरून होते. आता कळणार हिला." तिने बाही खाली ओढली. "मग तू परत मागितलेच नाहीस."