शेवंतीबाईंसाठी नाताळाची बिस्किटं

माझा स्वभाव तापट आहे. मीच सांगून टाकते, म्हणजे पार्से गावातल्या बाकीच्यांचे कष्ट वाचतील. पण यंदाच्या नाताळात जे घडलं त्यात माझ्या रागापेक्षा माझ्या खोटेपणाचा भाग मोठा होता.

आमच्या कुंपणापलीकडे लुक्रेसमानाचं घर. माना म्हणजे थोरली बहीण. वयाने ती माझ्या सासूच्या बरोबरीची, पण तिला सगळं गावच माना म्हणतं. चवथीला, म्हणजे गणपतीत, आमच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तिच्याकडे जातात आणि नाताळाला तिचं ताट आमच्याकडे येतं. ताट तिचं असो की आमचं, रिकामं परत करायचं नाही हा नियम. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाही.

आता माझ्या सासूबाई, शेवंतीबाई. यांनी गळ्यात माळ घातली तेव्हा मासळी आणि अंडं सुटलं. मग बावीस वर्षांपूर्वी काशीला गेल्या. काशीला आवडती वस्तू सोडायची असते. सासऱ्यांनी कारलं सोडलं, जे त्यांनी जन्मात कधी खाल्लं नव्हतं. सासूबाईंनी मात्र दूध सोडलं आणि दुधापासून होणारं सगळंच, कारण त्यांना खरंच दुधाचा चहा जीव की प्राण होता. तेव्हापासून त्या काळा चहा पितात आणि तो पिताना दरवेळी तोंड वाकडं करतात.

हे सगळं मानाला ठाऊक होतं. म्हणून ती दर नाताळाला खास शेवंतीसाठी दोदोल करायची. त्यात नुसता नारळाचा रस, माडाचा गूळ आणि तांदळाचं पीठ. बाधा कसलीच नाही. पण ताटात तो दोदोल बेबिंकेला, म्हणजे अंड्याच्या थरांच्या केकला, चिकटून बसायचा, आणि सासूबाईंच्या लेखी शेजार लागला म्हणजे बाटला. त्या ताट कपाळाला लावायच्या, ‘मागीर खातंय’, म्हणजे नंतर खाते, असं म्हणायच्या आणि आत आणून माझ्या हातात द्यायच्या. खायचो आम्ही. दुसऱ्या दिवशी माना कुंपणाशी येऊन विचारायची, ‘शेवंतीन खाल्ल्यान?’ आणि मी म्हणायची, ‘दोन तुकडे खाल्ले, माना!’ वेगळ्या वाटीत दे, एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पहिल्या वर्षी खोटं बोलले आणि दुसऱ्या वर्षी ते खोटं सांभाळावं लागलं. पुढे सवयच झाली.

यंदा डिसेंबर लागला आणि माना संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसली. तिचा मुलगा इंग्लंडला असतो, तो तिला कायमची घेऊन जाणार होता. सात जानेवारीचं विमान.

“माका ह्या वर्सा दोदोल ढवळूक जमाचा नाय,” ती उजवा खांदा चोळत म्हणाली. “शेवंती काय खायत मगे?”

मी तोंड उघडणार एवढ्यात माझी मुलगी समीक्षा मध्ये बोलली. ती पणजीला हॉटेलचा कोर्स करते आणि सुट्टीला बसने घरी येते तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि मतं जास्त आणते.

“आजी व्हीगन आहे, माना,” ती म्हणाली. “दूध नाही, अंडं नाही. आजीने तुझा दोदोल तरी कधी खाल्लाय? तो बेबिंकेला लागलेला असायचा. आम्हीच खायचो सगळं.”

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. माना माझ्याकडे बघत राहिली.

“बावीस वर्सां?” ती म्हणाली. “एक तुकडो पण नाय?”

तिने पदर सारखा केला, उठली आणि पायरीवर थांबली.

“सात तारखेक माजा विमान. त्याच्या आदी शेवंतीन माज्या हातचा कायतरी खावक होया. माज्यासमोर. नायतर माका थंय झोप येवची नाय.”

आतून सासूबाईंनी हे सगळं ऐकलं होतं. रात्री जेवताना त्या म्हणाल्या, “अंडा नाय, दूध नाय, तूप नाय. मगे त्या बिस्किटात आसा काय, वारो?” पण लगेच पुढे म्हणाल्या, “विनोदिनी, तू समोर रवून करून घी. मी खातलंय.”

अशी मी पहारेकरी नेमले गेले. खोटारड्याला पहाऱ्यावर बसवायचं, हा न्याय आमच्या सासूबाईंचाच.

समीक्षाने मोबाइलवर प्रमाण काढलं, मानाने त्याला नाक मुरडलं, आणि दोघींनी मिळून तिसरंच काहीतरी ठरवलं. कणीक आणि रवा, लोण्याऐवजी नारळाचं तेल, अंड्याऐवजी भिजवून वाटलेले काजू, माडाचा गूळ. त्यात सुंठ, दालचिनी, लवंग आणि अर्धं जायफळ. पहिला घाणा आमच्या गॅसवरच्या कढईत भाजला. तो असा झाला की कुत्र्याने तोंडात धरला आणि नेऊन परसात पुरून ठेवला. दुसरा पसरून एकच भाकर झाली. तिसरा मात्र जमला. घरभर असा वास सुटला की शेजारचा कृष्णनाथ पेपर मागायच्या निमित्ताने दोनदा येऊन गेला. त्या आठवड्यात समीक्षा मळलेलं पीठ कच्चंच खायची आणि माझा ओरडा खायची.

चोवीस तारखेला खरा बेत होता. गावातली बेकरी हल्ली चंदगडकडचा धोंडिबा चालवतो. सकाळचे पाव निघाले की त्याच्या लाकडाच्या भट्टीत बरीच धग उरते, आणि नाताळाच्या आठवड्यात ज्याला हवं त्याने आपलं पीठ नेऊन भाजून घ्यावं अशी जुनी रीत आहे. ती त्यानेही मोडली नाही. आम्ही तिघी दोन पराती घेऊन गेलो. एका परातीत मानाची नेहमीची बोलिन्हा, म्हणजे नारळ-रव्याची अंडं घातलेली बिस्किटं, आणि दुसऱ्या परातीत शेवंतीची, दोन्हींचं पीठ मळून.

धोंडिबाच्या ट्रेला कसलं तेल लागलेलं असेल कोण जाणे, म्हणून मी त्याच्याशी आधी भांडले.

“मावशी, ट्रे घासून लख्ख हाय की ओ,” तो म्हणाला.

“तुझं लख्ख मला माहीत आहे,” मी म्हटलं. शेवंतीच्या बिस्किटांखाली केळीचं पान घालायचं मी ठरवलं आणि बेकरीमागे जाऊन पान कापलं. पान अंथरलं, मानाने त्यावर गोळे थापले, सुरीने आडव्याउभ्या रेघा मारल्या. समीक्षा पाणी आणायला गेली, मी कोयती धुवायला. परत आले तोवर दोन्ही ट्रे आत गेले होते.

वीस मिनिटांनी धोंडिबाने लांब फळीने ट्रे बाहेर ओढले. बोलिन्हा सोन्यासारखी चकाकत होती. आणि शेवंतीची बिस्किटंही तशीच चकाकत होती.

नारळाच्या तेलाने बिस्किट असं चकाकत नाही. मी मानाच्या हाताकडे बघितलं. बोटं पिवळी होती. पन्नास वर्षांची सवय; रेघा मारल्या की वरून अंड्याचा बलक फिरवायचा. एका ट्रेला फिरवला, दुसऱ्याला फिरवला, हाताला कोण सांगणार?

मानालाही त्याच क्षणी कळलं. ती बाकावर बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पीठ संपलं होतं, गूळ संपला होता. दोन वाजता धोंडिबा संध्याकाळच्या पावांसाठी भट्टीत पुन्हा लाकडं घालणार होता.

आणि मी काय केलं? शरम वाटते, पण सांगते. मी तिच्या कानाशी गेले आणि म्हटलं, “माना, कोणाक कळाचा नाय. गप दिवया.”

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं की माझी ताठ मान खाली गेली.

“विनू,” ती म्हणाली, “बावीस वर्सां तू माका फसयलस. आता माकाच शिकयतस?”

तेवढ्यात समीक्षा आली. झालेला प्रकार तिने ऐकला आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही मत न देता उभी राहिली. मग हळूच तिने पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला. त्यात शेवंतीच्या पिठाचा गोळा होता. कच्चं खायला लपवून ठेवलेला.

“ओरडू नकोस,” ती मला म्हणाली.

ओरडते कशाला, मी तिची पापीच घेतली. मानाने कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा. सात बिस्किटं झाली. या वेळी वरून फक्त नारळाचा रस लावला, आणि तो मी लावला. धग कमी झाली होती, म्हणून धोंडिबाने ट्रे अगदी आत, निखाऱ्यांजवळ सरकवला आणि पावाचं पीठ तसंच टाकून तिथेच उभा राहिला. बिस्किटं बाहेर आली ती फिकट, एक बाजू जरा करपलेली, एक मोडकं.

संध्याकाळी माना आली. सोवळ्यातल्यासारखी न्हाऊन आलेली, हातात क्रोशाचा रुमाल टाकलेलं ताट. ताटात सातच बिस्किटं, शेजाराला काही नाही. आल्या आल्या तिने दुपारचं सगळं सांगून टाकलं, बलकासकट. सासूबाई मोठ्याने हसल्या, मानाही हसली. मग माना हसायची थांबली.

“बावीस वर्सां गप कित्याक रवलंस गो?”

“तुजा मन मोडाचा नाय म्हणान.”

“आता मोडला ना.”

“मोडला,” सासूबाई म्हणाल्या. “चुकलंय मी.” माझ्या सासूच्या तोंडून हा शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

त्यांनी ताट कपाळाला लावलं. मला वाटलं, आता म्हणतील, मागीर खातंय. त्यांनी मोडकं बिस्किट उचललं, दात नाहीत त्या बाजूने हळूहळू चघळलं. माना श्वास रोखून बघत होती, समीक्षा मोबाइल विसरली होती.

“सुंठ जरा जास्त झाली,” सासूबाई म्हणाल्या आणि दुसरं उचललं. काळ्या चहात बुडवलं. त्या दिवशी चहा पिताना त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. तिसरं खाल्लं. उरलेली चार त्यांनी स्वतःच्या डब्यात घातली आणि डबा उशाशी नेऊन ठेवला. आम्हाला कुणाला एक तुकडा मिळाला नाही.

माना जायला निघाली आणि मी सवयीने ताट विसळून त्यात साखर घालायला गेले. सासूबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, पदराने पुसलं आणि कपाटात आमच्या ताटांखाली ठेवून कपाट लावलं.

“ताट?” माना म्हणाली.

“रिता दिवचा नसता,” सासूबाई म्हणाल्या. “आणि नुसत्या साखरेर तुका धाडूची नाय. पुढल्या नाताळाक येवन भरलेला घेवन जा.”

माना रडली आणि हसली, दोन्ही एकदमच. मीही रडले, तापट असले तरी.

सात तारखेला पहाटे ती गेली. घराची चावी तिने माझ्याकडे दिली, तुळशीएवढी मोठी झालेली ओव्याची कुंडी समीक्षाकडे, कोंबड्या धोंडिबाकडे. ताट मात्र मागितलं नाही.