शेवंतीचं पाणी

दुपारच्या सामसूम घरात गोळ्यांची बाटली खुळखुळली. तळाशी एक-दोनच उरल्या की वाजते तशी, पोकळ. चुलीपाशी लेकीला, शकूला, भरवता भरवता वच्छलाचा हात घासासकट थांबला.

"वच्छले," आतून सासूबाईंनी विचारलं, "मी सकाळी दोनदा गोळी खाल्ली का वं? बाटली तं सरत आली."

गोळ्या सांध्यांच्या. अकोल्याच्या डॉक्टरानं दिलेल्या. ॲस्पिरिनपासूनच काढलेलं नवं औषध, पोटाला बाधत नाही, म्हणाला होता. गोळी घेतली की सासूबाई, पार्बताबाई, मळ्यात उकिडव्या बसून फुलं खुडायच्या. नाही घेतली तर खाटेवरून उठताना मायला हाक मारायच्या.

आणि पेठेतल्या वकिलीणबाई हार घेताना सहज बोलून गेल्या होत्या, की पाण्यात ॲस्पिरिन टाकली तर फुलं टिकतात. एका लग्नघरची शेवंती बादलीतच माना टाकायला लागली, तेव्हा वच्छलानं बाटलीतली गोळी चुरून पाण्यात सोडली. ॲस्पिरिनचीच तर आहे! फुलं टिकली, का तिलाच तसं वाटलं, देव जाणे. मग बाटलीला हात लागला तो लागलाच.

"बोलत काहून नाई?"

"खाल्ली असंल आत्याबाई तुमी," वच्छला म्हणाली. म्हणाली आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

भिंत धरत पार्बताबाई दारात आल्या. "मले इसर पडून राहिला, बाई. माही माय बी अशीच झाली होती. शेवटी मलेच विचारे, तू कोनाची वं?" त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "घे, बाटली तुह्यापाशी ठेव. तूच देत जाय. माहा आता भरवसा नाई."

बाटली वच्छलाच्या खरकट्या हातात आली. घाबरलेलं लेकरू बोट धरतं, तशी म्हातारीची बोटं तिच्या मनगटावर घटकाभर राहिली. मग गुडघा दाबत पार्बताबाई वळल्या.

"आत्याबाई..."

"काय वं?"

वच्छलानं बाटलीचं झाकण घट्ट केलं. "काई नाई. दमानं जा."

शकूनं घास गिळला, बाटलीकडे पाहिलं, मग दारामागच्या बादलीकडे.

"माय, तू रोज शेवंतीले आजीची गोळी देतं, तं फुलायचे बी गुडघे दुखतात का?"