खिरीतला अख्खा बदाम

सिसेलने शेवटचे तीन बदाम सोलले, दोन सुरीखाली घेतले आणि तिसरा एप्रनच्या खिशात टाकला. तेवढ्यात त्यांची शिडाची बोट डोलली. कॅरिबियनमधल्या बेक्वे बेटाच्या बंदरात फेरीबोट शिरली की तिच्या लाटा नांगरून पडलेल्या सगळ्या बोटींना एकदा हलवून जात. सिसेलचा हात आता न बघताही पातेल्याचा कान धरायला शिकला होता. तिने लाट जाऊ दिली आणि बदामाचे बारीक तुकडे गार खिरीत ढवळले.

वर डेकवर तिचा नवरा त्रूल्स आणि सात वर्षांचा माल्टे डोलकाठीला दिव्यांची माळ गुंडाळत होते.

"बाबा, वाकडी झाली ती."

"बोटीवर सरळ काय असतं रे? तुझे दात तरी सरळ आहेत का?"

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तांदळाच्या खिरीत एकच अख्खा बदाम टाकायचा, ही त्यांच्या डेन्मार्ककडची रीत. ज्याला तो लागेल त्याने गालात दडवायचा आणि पातेलं रिकामं होईपर्यंत साळसूदपणे खात राहायचं. शेवटी त्याला साखर-बदामाचं डुक्कर बक्षीस मिळतं. डुक्कर यंदाही होतं, पण बक्षीस त्याहून मोठं होतं, आणि ते सुचवलं होतं तेरा वर्षांच्या आस्ताने, तीन दिवसांपूर्वी, नाश्त्याला.

"ज्याला बदाम, त्याने ठरवायचं," ती म्हणाली होती. "जानेवारीत पनामा आणि पुढे पॅसिफिक, की एप्रिलमध्ये घरी. एकदा ठरलं की कुणी कुरकुर करायची नाही."

"मंजूर!" त्रूल्सने टेबलावर थाप मारली होती. त्याला काय जातंय? चौघांतले तिघं पॅसिफिकवाले, असं तो धरूनच चालला होता. सिसेलही तसंच धरून चालली होती. आस्ताच्या बिछान्याशेजारच्या भिंतीवर पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांचा नकाशा चिकटवलेला होता आणि माल्टेला तर कुठल्याही पाण्यात टाका, तो खूश.

दोन महिने हा विषय त्या दोघांत चालला होता, मुलं झोपल्यावर, हलक्या आवाजात. सिसेल म्हणायची, आस्ताच्या शाळेचं काय? त्रूल्सकडे उत्तर तयार असायचं. ती म्हणायची, माझ्या आईचं वय झालं. तो म्हणायचा, तिला ताहितीला बोलावू की. दवाखान्यातली माझी जागा जूनपर्यंतच राखून ठेवलीय, असं तिने सांगितलं, तर दवाखाने काय जगात कमी आहेत, असं तो हसत म्हणाला. भला माणूस. भांडायचं म्हटलं तर भांडूही द्यायचा नाही. अखेर ती "बघू" म्हणायची आणि दिवा मालवायची.

म्हणून आज तिने ठरवलं होतं. खीर वाढणारी तीच, वाटी तिची, बदामही तिच्या वाटीच्या तळाशी जाणार. आयुष्यात पहिल्यांदा ती खेळात लबाडी करणार होती, तीही नाताळच्या सणाला, स्वतःच्या पोरांशी. लाज वाटत होतीच. तरी बदाम खिशातच राहिला.

कोंबडी आणि भाजलेला नीरफणस खाऊन झाल्यावर ते डेकवर गेले. सूर्य नुकताच बुडाला होता. घरी नाताळच्या झाडाभोवती हात धरून नाचायचं असतं, इथे डोलकाठीभोवती. चौघांनी हात धरले, दोरांवरून उड्या मारत, शिडाच्या दांड्याखालून वाकत फेर धरला. तिसऱ्या फेऱ्याला त्रूल्सचं डोकं आपटलं आणि माल्टे हसून हसून खाली बसला. शेजारच्या बोटीवरून म्हाताऱ्या सोलाँजने टाळ्या वाजवल्या.

"डोकं शाबूत आहे का रे?"

"आधीच नव्हतं!" सिसेलने उलट ओरडून सांगितलं.

तिला बरं वाटलं. फारच बरं वाटलं, आणि नेमका त्याचाच तिला राग आला. ज्या माणसांबरोबर इतकं सुखाचं आहे त्यांच्यापासून एक गोष्ट चोरायला आपण निघालोय, हे तिला टोचलं.

खाली येऊन तिने खीर वाढली. चेरी इथे कुठली मिळायला. बाजारातल्या बाईने लाल अंबाडीची बोंडं दिली होती, त्यांचाच पाक करून तिने वर ओतला. चौथ्या घासाला बदाम जिभेला लागला. तिने तो डाव्या गालात सरकवला. चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, सगळे आपल्याच गालाकडे बघतायत.

"आई, तू गप्प का?" माल्टेने विचारलं.

"खातेय ना."

"बाबाकडे आहे! बाबाचा गाल फुगलाय!"

"तो गाल लहानपणापासून तसाच आहे," त्रूल्स म्हणाला आणि मुद्दाम दोन्ही गाल फुगवले.

माल्टेकडे नव्हता, हे उघडच होतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, बदाम कुठला राहायला! तो पोट धरून, कण्हत, पण हट्टाने चौथी वाटी संपवत होता. आस्ता मान खाली घालून, शांतपणे खात होती.

पातेलं खरवडून झालं. त्रूल्सने चमचा खाली ठेवला.

"चला, चोर कोण? बाहेर काढा."

सिसेलने तोंड उघडायला श्वास घेतला, तोच आस्ताने तळहात पुढे केला. त्यावर ओला, अख्खा बदाम होता.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

सिसेलची जीभ आपोआप डाव्या गालात गेली. तिचा बदाम जागेवरच होता.

"हाण तिच्यायला!" त्रूल्स उठून उभाच राहिला. "बोल राणीसरकार. कुठे जायचं?"

आस्ताने बापाकडे पाहिलं नाही. "घरी," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये."

त्रूल्स पुन्हा खाली बसला. मग माल्टेने भोकाड पसरलं. "मला कुणी विचारलंच नाही!" त्रूल्सने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने डुक्कर आस्तापुढे सरकवलं. "ठरलं म्हणजे ठरलं," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच ठेवायचा त्याने प्रयत्न केला. मग नांगर बघून येतो म्हणून वर गेला. नांगर नऊ दिवस वाळूत घट्ट रुतलेला होता.

भांडी बोटीच्या मागच्या पायरीवर समुद्राच्याच पाण्यात घासायची असत. आस्ता घासत होती, सिसेल पुसत होती. हवं ते सगळं तिला मिळालं होतं, तेही तोंड न उघडता. बदाम चावून गिळला की संपलं. पण तो गिळवेना.

"कुठून आणलास?" तिने शेवटी विचारलं.

"काय?"

"बदाम. आपल्या पुडीतले मी सगळे चिरलेत."

आस्ताने वाटी दोनदा घासली. "सोलाँजकडून. मंगळवारी."

मंगळवारी. म्हणजे तो खेळ सुचवला त्याच दिवशी. सिसेलने फडकं खाली ठेवलं.

"तुझा तो नकाशा, आस्ता... तुला तर जायचं होतं."

"आई, आपल्या मधल्या त्या पातळ भिंतीतून सगळं ऐकू येतं," आस्ता म्हणाली. तिचा आवाज कापरा झाला होता, म्हणून ती रागावल्यासारखी बोलत होती. "रोज तू कारणं सांगतेस आणि बाबा ती खोडतो. मग तू 'बघू' म्हणतेस. बदामाला तर कुणी खोडू शकत नाही ना. म्हटलं, एकदाचं तुझ्या मनासारखं होऊ दे."

सिसेलने तोंडात बोट घातलं आणि आपला बदाम काढून ओल्या पायरीवर ठेवला.

आस्ता त्याच्याकडे बघत राहिली. मग आईकडे. "तू पण?" आणि तिला हसू फुटलं, रडूही त्यातच आलं. सिसेलने तिला साबणाच्या हातांसकट जवळ घेतलं. पोरीने आपल्यासाठी इतकं केलं, याने तिचा ऊर भरून आला, आणि तेरा वर्षांच्या मुलीवर हे करायची पाळी आणली म्हणून स्वतःची शरमही वाटली. भिंतीपलीकडे जे ऐकू जात होतं ते सगळं बोलून झालेलं होतं. जे खरं होतं ते मात्र तिने दोन महिन्यांत एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

"त्रूल्स!" तिने हाक मारली. "तो नांगर कुठे पळून जात नाहीये. खाली ये."

बोटवाल्यांची मध्यरात्र नऊलाच होते. अजून सातही वाजले नव्हते, बोलायला भरपूर वेळ होता. तो आला. आस्तानेही आपला बदाम आईच्या बदामाशेजारी ठेवला होता; ते दोन बघून त्याने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "म्हणजे या घरात मी आणि माल्टेच तेवढे सभ्य?"

"खेळ रद्द," सिसेल म्हणाली. "आत चला, बसा सगळे. मी आधी बोलणार आहे, आणि मधे कुणी उत्तर द्यायचं नाही. माल्टे, नंतर तुझा नंबर."

माल्टे डोळे पुसून टेबलाशी सरकला. आस्ता आईला खेटून बसली. त्रूल्स उत्तर देणार होता, पण बायकोचा चेहरा बघून थांबला.

"शाळा, आई, दवाखाना, ते सगळं राहू दे," ती म्हणाली. "मी दमलेय, त्रूल्स. घर हवंय की नुसती झोप, तेही मला कळेनासं झालंय. रात्री नांगराची साखळी जरा वाजली तरी मी जागी असते."

त्रूल्स टेबलाशी आला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"गेल्या नाताळापासून."

त्याने तिच्याजवळ जागा करून घेतली आणि बसला.

"मग तिथूनच सांग," तो म्हणाला.