चौदा नंबरचा पाना

विमानाची शेपूट हलवणाऱ्या दांड्यावरचा ओरखडा अकरा मिलिमीटर लांब होता. एनिडने तो दोनदा मोजला, मग त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. हिरवा रंग तेवढा खरवडला होता. खालचा धातू गुळगुळीत होता.

इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या हँगरमध्ये, जुन्या हंटर लढाऊ विमानाच्या शेपटीत ती खांद्यापर्यंत शिरली होती. मागे राल्फ तिच्या चहाचा मग धरून उभा.

"तीन वर्षं झाली, बाईसाहेब. मी शेपटीचं झाकण लावतो, तू उघडतेस. संग्रहालयवाले विचारतात, आधी विमान तयार होणार की आधी आपण दोघं जाणार?"

"आरसा दे."

दांड्याच्या खाली, वाळून घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये एक छोटा पाना रुतून बसला होता. तिने तो चिमट्याने सोडवला, पुसला. पान्यावर कोरलेलं होतं, चौदा.

साठ वर्षांपूर्वी, हवाई दलात मेकॅनिक म्हणून लागल्यावर चौथ्या महिन्यात, तिच्या पेटीतला हाच पाना नाहीसा झाला होता. हत्यार सापडेपर्यंत विमान उडवायचं नाही, हा नियम. आणि हेच विमान सकाळी जायचं होतं. तिने घरून आणलेल्या वडिलांच्या पान्यावर चौदा कोरलं, तो पेटीत ठेवला आणि सगळी हत्यारं जागेवर असल्याची सही केली. विमान पुढे दहा वर्षं उडालं. पाना आत अडकून दांडा अडला असता, तर वैमानिकाला काही करता आलं नसतं.

तिने राल्फला हे सगळं सांगितलं. साठ वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी.

राल्फने पाना उलटा केला, सुलटा केला. "किती जणांनी उडवलं हे?"

"अकरा. सगळ्यांची चौकशी केली मी. सगळे सुखरूप उतरले, नातवंडं बघितली."

"आणि वडिलांना काय सांगितलंस?"

"त्यांचा पाना माझ्याकडून हरवला म्हणून."

"म्हणजे शिक्षा झालीच की तुला. माझा बाप असता तर हत्यार हरवल्यावर घरात घेतलं नसतं."

एनिडला हसू आलं. मग तिने कामाच्या वहीत लिहिलं: पाना कुठे मिळाला, कुणाच्या हातून राहिला, खोटी सही कुणी केली. खाली नाव घातलं. पुन्हा आत वाकून तिने पान्याने पाडलेला ओरखडा तिसऱ्यांदा मोजला. अकराच.

ती बाहेर आली. चहा निवला होता, तरी ती तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

"राल्फ," ती म्हणाली, "झाकण लाव. आता उघडायचं नाही."