पेशींशिवायची ताटली

ताटलीत शहाण्णव खळगे होते. कडेच्या छत्तीस खळग्यांत नुसतं पाणी. उरलेल्या साठांपैकी सहांत पेशींना वाढवणारा द्रव, सहांत त्याच द्रवात आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी, आणि अठ्ठेचाळिसांत त्याच पेशींवर तुतीच्या फळांचा अर्क, फिक्यापासून दाटापर्यंत. प्रयोगशाळेतल्या धाकटीने हे सगळे खळगे स्वतः भरले होते. आपला हात स्थिर आहे हे तिला ठाऊक होतं, आणि ती ते लपवतही नसे.

मग तिने पिवळा रंग घातला. जिवंत पेशी त्याला जांभळा करतात, मेलेल्या पेशींवर तो पिवळाच राहतो. तीन तासांनी पाहिलं तर अर्काचे सगळे खळगे गर्द जांभळे.

"अभिनंदन," शेजारच्या बाकावरून शंकासुर म्हणाला. तो तिच्याहून चार वर्षांनी सीनियर. कुणाचाही निकाल आला की पहिली शंका त्याची, म्हणून हे नाव. "तुझ्या तुतीवर कॅन्सरने चांगलं बाळसं धरलंय."

"थट्टा पुरे."

"थट्टा कसली? रंग मोजणारं यंत्रच सांगतंय. अर्क नाही तिथे शंभर, अर्क आहे तिथे एकशे अठरा."

हे तिसऱ्यांदा घडत होतं. सोमवारी विभागप्रमुख बाई फ्रीझरमधला तुतीचा कप्पा रिकामा करून घेणार होत्या, आणि धाकटीचं वर्षभराचं काम त्यासोबत कचऱ्यात जाणार होतं.

तुती घरच्या झाडाच्या होत्या. बोटं काळीनिळी होईस्तोवर आईनेच त्या खुडल्या होत्या.

"काय गं, मेल्या का त्या पेशी?" घरात पाऊल टाकताच आईने विचारलं.

"नाही. वाढल्यात म्हणे."

"माझ्या तुतींनी? काहीतरीच." आईने हातातली चादर झटकून घडी घातली. "मी शेजारणीला सांगून बसलेय, आमच्या झाडात कॅन्सरचं औषध आहे म्हणून."

"आधी ते सांगणं थांबव. ताटलीत मीठ जास्त पडलं तरी पेशी मरतात, आई. कॅन्सरच्या मेल्या आणि निरोगी वाचल्या, तर बोलायचं. तेही ताटलीपुरतंच. उद्या कुणी गोळ्या सोडून तुती खात बसेल."

"बरं बाई, नाही सांगत. पण मला वाटतंच."

धाकटीच्या डोक्यातून मात्र तो एकशे अठराचा आकडा जाईना. अर्काने पेशी मेल्या नाहीत, हे एक वेळ पटलं असतं. पण जास्त जिवंत? सूक्ष्मदर्शकाखाली तर त्या आक्रसून तळापासून सुटलेल्या दिसत होत्या. डोळे एक सांगत होते, यंत्र दुसरंच. दुसऱ्या दिवशी तिने नवी ताटली घेतली, तिच्यात द्रव, अर्क आणि पिवळा रंग घातला. पेशी घातल्याच नाहीत.

सोमवारी बाई कप्प्याची किल्ली मागायला आल्या. धाकटीने किल्लीऐवजी ताटली पुढे केली.

"पुन्हा जांभळी," बाई म्हणाल्या.

"हिच्यात पेशी नाहीत, बाई."

"एकही नाही?"

"एकही नाही. जिवंत पेशी रंगाचं जे करतात, तेच तुतीतली द्रव्यंसुद्धा करतात. पेशी वाहून जातील म्हणून मी अर्क न धुताच रंग घालत होते. यंत्र इतके दिवस तुती मोजत होतं."

बाईंनी ताटली खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"अर्क न धुण्याची पद्धत माझी," त्या म्हणाल्या. "इथे सगळ्यांना मीच शिकवली. रिकाम्या खळग्यात अर्क घालून बघावा, हे मला कधी सुचलं नाही. तुला सुचलं."

धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शंकासुराने चक्क खुर्ची वळवून ऐकलं.

"पुढे काय?" बाईंनी विचारलं.

"अर्क धुऊन टाकायचा, सुटलेल्या पेशीही गोळा करायच्या आणि डोळ्यांनी मोजायचं. निळा रंग मेलेल्या पेशीत शिरतो, जिवंत पेशी त्याला आत घेत नाही. निरोगी पेशीही सोबत ठेवते."

"आणि मोजणार कोण? तू नकोस, तुझा जीव त्या झाडात अडकलाय."

"शंकासुर मोजेल. नळ्यांवर फक्त अ, ब, क, ड. कशात काय, ते तुम्हीच ठरवा."

"मी?" शंकासुर म्हणाला. "मी तर तुला पाडायलाच बसलोय."

"म्हणून तर."

संध्याकाळी तिने आईला फोन केला. "कप्पा राहिला. आकडा अजून यायचाय."

"पण चूक तूच पकडलीस ना?"

"मीच."

"मग हे शेजारणीला सांगू का?"

"हे सांग," धाकटी म्हणाली.

शंकासुराने प्रत्येक नळी तीनदा मोजली आणि सरासरी फळ्यावर लिहिली. त्यानंतर बाईंनी कोणत्या अक्षराखाली काय होतं ते वाचून दाखवलं. नुसत्या निरोगी पेशी: शंभरात पंचाण्णव जिवंत. अर्क दिलेल्या निरोगी पेशी: शंभरात एकोणनव्वद. नुसत्या कॅन्सरच्या पेशी: शंभरात चौऱ्याण्णव. अर्क दिलेल्या कॅन्सरच्या पेशी: शंभरात एकेचाळीस.