मंजुळाबाईच्या चिंचेचं माप

मित्रांनो, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळून बसलेला, पंधरा मीटर लांबीचा एक जुना कापडी टेप तुमच्याशी बोलतो आहे. माझी पितळी कडी झिजली, काही आकडे घामाने पुसट झाले. पण माझं माप कधी चुकत नाही, याचा मला फार तोरा होता. होता म्हणतो, कारण तो उतरला. कसा, ते सांगतो.

गेली बावीस वर्षं मी त्रिंबकरावांच्या पिशवीत आहे. रस्ता होणार असला की वाटेत येणाऱ्या झाडांची किंमत ठरवायची, हे त्यांचं काम. लाकडाचं झाड असेल तर मला छातीइतक्या उंचीवर खोडाभोवती गुंडाळायचं, घेर घ्यायचा, उंची पाहायची आणि लाकूड किती निघेल ते काढायचं. फळझाड असेल तर वर्षाचं उत्पन्न किती आणि झाड अजून किती वर्षं फळेल, यावर किंमत बसते. पहिल्या पद्धतीत सगळा मान माझा. दुसरीत मला कोण विचारतो? म्हणून लाकडाचा रकाना माझा फार लाडका.

उमापूरजवळ रस्ता रुंद व्हायचा होता. पौषात आम्ही शहादेव आणि मंजुळाबाई यांच्या बांधावरच्या चिंचेपाशी पोचलो. घराला कुलूप. नवरा-बायको ऊसतोडीला गेलेली. उत्पन्न सांगायला मालक नाही, मग त्रिंबकरावांनी फळांचा रकाना कोरा ठेवला आणि लाकडाचा भरला. घेर दोन मीटर ऐंशी. मी ताठ होऊन आकडा दाखवला. शेजारची भिवराबाई अंगणातच बसली होती, तिच्याकडे त्या दोघांचा फोन नंबरही होता. पण तिला कुणी विचारलं नाही. काम लवकर आटोपलं म्हणून सगळे खुशीत चहाला गेले.

चैत्रात मंजुळाबाई झाडाच्या किमतीची नोटीस घेऊन कार्यालयात आली.

"सायब, झाड मोजलं, मग चिंच कावून न्हाई मोजली?"

"बाई, घराला कुलूप होतं," त्रिंबकराव म्हणाले.

"कुलूप घराला व्हतं, झाडाला न्हाई. त्या चिंचंवर माझी सुनिता आत्याकडं राहून शिकती. ह्या लाकडाच्या पैशानं दोन वर्सं निघतील. मंग पोरीला बी उसाच्या फडावर न्यावं लागंल."

त्रिंबकरावांनी चिंच विकल्याची पावती मागितली. व्यापारी दारात येतो, रोख देतो आणि जातो, पावती कुठली? कागद तिथेच अडला. त्रिंबकरावांना वाईट वाटलं होतं, आणि मलाही. मग त्यांनी विचारलं, "चिंच फोडायला कोण येतं तुमच्याकडं?"

मंजुळाबाईच्या वाडीची रीत अशी, की चिंच फोडणाऱ्या बायकांना मजुरी म्हणून सगळे चिंचोके द्यायचे. दुसऱ्या दिवशी त्रिंबकरावांनी तिच्याकडे चिंच फोडणाऱ्या पाच जणींना चिंचेखाली बोलावलं.

"मला दर साली दोन डबे," भिवराबाई म्हणाली. "भरल्यावर वर मूठभर मागितलं तर देत न्हाई. मंजुळा लई चिक्कट हाय."

सगळ्या हसल्या, मंजुळाबाईसुद्धा. प्रत्येकीचे दोन, म्हणजे पाच बायकांचे मिळून तेलाचे दहा डबे. एक डबा भरून काट्यावर ठेवला, तर बारा किलो चिंचोके भरले. चिंचेत तिसरा हिस्सा चिंचोका धरला, तर झाड वर्षाला साडेतीनशे किलोच्या वर चिंच देत होतं. बायकांनी पंचनाम्यावर सह्या केल्या, अंगठे उठवले. मी दिवसभर पिशवीत पडून होतो. खरं सांगतो, मला राग आला होता.

किंमत पाचपट झाली. चिंच मात्र वाचली नाही. ती तोडली त्या दिवशी मंजुळाबाई रस्त्याकडे पाठ करून बसली होती. पैसे तिने बँकेत सुनिताच्या नावावर ठेवले, आणि दिवाळीनंतर पुन्हा दोघंच फडावर गेली.

मित्रांनो, म्हातारे टेप आम्हाला जपा म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. तुम्ही मोठे होऊन कुणाचं झाड मोजायला गेलात, तर आधी त्याच्या खालच्या माणसांना विचारा, मग मला बाहेर काढा. त्या पौषात माझा आकडा एका सेंटिमीटरनेही चुकला नव्हता, आणि तरी त्याने सुनिताच्या हातात कोयता दिला असता.